मीटरमधला पिवळा दिवा

चावी फिरवली की मीटरमध्ये इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन-चार सेकंदांत विझतो. तो विझलाच नाही, किंवा चालत्या गाडीत मध्येच लागला, तर इंजिन आणि धूर यांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेला काहीतरी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेले आढळले आहे, एवढाच त्याचा अर्थ. नेमका कोणता भाग बिघडला, हे तो दिवा सांगत नाही. तरीही दिवा दिसताच ‘सेन्सर गेलाय’ असे म्हणून चार-पाच हजारांचा भाग बदलला जातो, आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर होतो. कुटुंबाच्या गाडीवर होणाऱ्या खर्चातला सर्वांत वायफळ खर्च हाच. कोड वाचणे, तपासणे आणि मगच बदलणे, या क्रमाने गेले तर बहुतेक वेळा दुरुस्ती अंदाजापेक्षा स्वस्तात होते.

या दिव्यामागची यंत्रणा मुळात प्रदूषणाच्या कायद्यातून आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1988 च्या मॉडेलपासून गाडीनेच स्वतःची तपासणी करावी असा नियम केला आणि 1996 पासून तिथल्या सर्व नव्या मोटारींत ओबीडी-2 नावाची एकसारखी पद्धत सक्तीची झाली. भारतात ती भारत स्टेज 4 च्या गाड्यांबरोबर 2010 ते 2013 या काळात टप्प्याटप्प्याने आली. भारत स्टेज 4 हे मानक 1 एप्रिल 2017 पासून देशभर लागू झाले आणि 1 एप्रिल 2020 पासून त्याची जागा भारत स्टेज 6 ने घेतली. म्हणून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या टोलनाक्यावरून जाणारी गाडी केए 23 पासिंगची असो की एमएच 09 ची, गेल्या दहा-बारा वर्षांतली असेल तर तिच्यात ही यंत्रणा असतेच. त्याआधीच्या अनेक मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांतही दिवा आहे, पण त्यांचे कोड आणि सॉकेट कंपनीगणिक वेगळे.

यंत्रणेच्या केंद्रस्थानी ईसीएम म्हणजे इंजिनचा संगणक असतो. इंजिनात किती हवा येते, कुलंट किती तापले, क्रँक किती वेगाने आणि कोणत्या स्थितीत फिरतो, पेडल किती दाबले आहे, ही माहिती सेन्सर त्याला सतत पुरवतात. त्यावरून तो इंजेक्टर किती वेळ उघडायचा आणि ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवतो. शुद्ध पेट्रोल नीट जळायला 1 भाग पेट्रोलास वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. हे प्रमाण साधले की नाही, हे सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. धुरात ऑक्सिजन जास्त उरला तर मिश्रण पातळ, कमी उरला तर दाट. संगणक लगेच इंधन थोडे वाढवतो किंवा घटवतो. ही दुरुस्ती सेकंदागणिक चालू असते आणि तिचा आकडा टक्केवारीत साठवला जातो. निदानात हा आकडा फार मोलाचा ठरतो.

या सेन्सरच्या पुढे कॅटलिटिक कन्व्हर्टर असतो. सिरॅमिकच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तिथे कमी घातक वायूंत रूपांतर होते. कन्व्हर्टरच्या पलीकडे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो आणि त्याचे काम कन्व्हर्टरवर नजर ठेवण्याचे. हा भाग गाडीतल्या महाग भागांपैकी एक, आणि त्याला वाचवणे हा या दिव्याचा एक मुख्य हेतू आहे.

म्हणूनच दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे, हे सर्वांत आधी पाहावे. पेट्रोल गाडीत लुकलुकणारा दिवा म्हणजे एखादा सिलिंडर ठिणगी चुकवत आहे आणि न जळलेले पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जात आहे. तिथल्या उष्णतेत ते पेटते, तापमान भलतेच चढते आणि सिरॅमिकची जाळी वितळू शकते. कोगनोळीहून बेळगावकडे जाताना निपाणी ओलांडली की तवंदी घाट लागतो. पाच माणसे, डिकीत सामान, एसी चालू आणि चढ, अशा वेळी इंजिनवर ताण सर्वाधिक असतो. कमजोर कॉइल किंवा झिजलेला प्लग नेमका अशाच वेळी उघडा पडतो: गाडी झटके देते, पिकअप जातो, दिवा लुकलुकू लागतो. पेडलवरचा पाय सैल करावा, एसी बंद करावा, सुरक्षित जागा पाहून गाडी कडेला घ्यावी. रेटून घाट चढवला तर एका कॉइलच्या खर्चावर कन्व्हर्टरचा खर्च चढतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 हा क्रमांक आहे.

स्थिर पिवळा दिवा असेल, गाडी नेहमीसारखी चालत असेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल, तर ताण न देता घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. मात्र ते काम महिनोन् महिने लांबणीवर टाकू नये. लाल दिव्यांची गोष्ट वेगळी. ऑइलच्या दाबाचा किंवा जास्त तापल्याचा लाल दिवा लागला तर तिथेच थांबून इंजिन बंद करावे. त्या स्थितीत आणखी दोन किलोमीटरही महागात पडतात.

दोष दिसला की दिवा लगेच लागतोच असे नाही. ठिणगी चुकण्यासारखा गंभीर प्रकार वगळता, संगणक पहिल्या वेळी कोड ‘प्रलंबित’ म्हणून नोंदवतो आणि पुढच्या एक-दोन फेऱ्यांत तोच दोष पुन्हा आढळला तरच दिवा लावतो. दोष नाहीसा झाला, तर साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, पण कोड स्मृतीत राहतो. इंजिन चाळीसेक वेळा थंड होऊन पुन्हा नीट तापले, तरी दोष परतला नाही, तर तोही पुसला जातो. त्यामुळे दिवा आपोआप गेला तरी स्कॅनर लावून पाहण्यात अर्थ असतो. कोडबरोबरच त्या क्षणाची नोंदही साठलेली असते: वेग किती होता, इंजिनचे फेरे किती, कुलंट किती तापले होते, ताण किती होता. थंड इंजिनावर पहाटे आलेला दोष आणि घाटात तापलेल्या इंजिनावर आलेला दोष यांची कारणे सहसा वेगळी असतात. चांगला मेस्त्री ही नोंद पाहिल्याशिवाय पाना हातात घेत नाही.

स्कॅनर लावायचे सोळा पिनांचे सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या तळाशी असते. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारे छोटे उपकरण काही शे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत मिळते आणि इंजिनचे सर्वसाधारण कोड वाचायला ते पुरते. एअरबॅग, एबीएस किंवा कंपनीचे खास कोड वाचायला मात्र गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो. काम झाल्यावर उपकरण काढून ठेवावे, नाहीतर अनेक दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते. कोडचे पहिले अक्षर विभाग सांगते: पी म्हणजे इंजिन आणि गिअर, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन, यू म्हणजे संगणकांमधली आपसातली तार. नंतरचा अंक 0 असेल तर कोड सर्व कंपन्यांना सामाईक, 1 असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा.

कोड आणि बिघडलेला भाग यांत किती अंतर असते, हे ठिणगी चुकण्याच्या कोडवरून चांगले दिसते. पी 0303 म्हणजे तिसरा सिलिंडर मिसिंग करतो. कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, वायर असेल किंवा व्हॉल्व्हमधून कॉम्प्रेशन जात असेल. प्रत्येक सिलिंडरवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत याची कसोटी फुकट करता येते. इंजिन बंद आणि थंड असताना तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवायची आणि पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसून गाडी चालवून आणायची. आता कोड पी 0301 आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. पी 0303 च राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल करून हीच परीक्षा घ्यायची. दोन्ही सरकवूनही कोड तिसऱ्यावरच अडून बसला, तर इंजेक्टर, त्याची वायर आणि शेवटी कॉम्प्रेशन. अर्ध्या तासाच्या या उलाढालीत चार कॉइलऐवजी एकच बदलावी लागते.

पी 0171 म्हणजे मिश्रण पातळ. हा कोड ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून येतो, म्हणून पुष्कळदा त्या बिचाऱ्या सेन्सरलाच बदलले जाते. तो बहुधा खरेच सांगत असतो. कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे. हवेचे प्रमाण मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत इंधन-दुरुस्तीची टक्केवारी दोन वेळा पाहावी: एकदा गाडी उभी ठेवून, एकदा इंजिन मिनिटाला 2500 फेऱ्यांवर धरून. उभ्या गाडीत आकडा अधिक वीस-पंचवीस टक्के आणि फेरे वाढवताच तो खाली येत असेल, तर व्हॅक्यूमची नळी फाटली आहे किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट हवा ओढते आहे. हवेचा ओघ मोठा झाला की छोट्या गळतीचा वाटा कमी होतो. उलट ताण वाढेल तसा आकडा चढत असेल, तर फ्युएल पंप किंवा फिल्टर थकला आहे, किंवा हवेच्या सेन्सरवर घाण बसली आहे. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफऐवजी दाबाचा सेन्सर असतो. तिथे हवा गळू लागली की आकड्यापेक्षा आयडलचे फेरे वाढलेले आधी जाणवतात.

पी 0420 म्हणजे कन्व्हर्टरची क्षमता घटली. पुढचा सेन्सर जुन्या पद्धतीचा असेल तर त्याचा व्होल्टेज 0.1 ते 0.9 यांमध्ये सतत वरखाली होतो; कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ठेवू शकत असेल तर मागच्या सेन्सरचा व्होल्टेज जवळजवळ स्थिर राहतो. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला की संगणक कन्व्हर्टरला दोष देतो. नवा कन्व्हर्टर घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: सायलेन्सरच्या सांध्यातून हवा शिरत नाही ना, आणि इंजिन ऑइल पीत नाही ना किंवा मिसिंग करत नाही ना. मूळ रोग तसाच ठेवला तर नवा कन्व्हर्टरही जातो. कन्व्हर्टर काढून साधा पाइप जोडण्याचा ‘उपाय’ काही ठिकाणी सुचवला जातो. तो कायद्याला धरून नाही, आणि ज्या गावातून ती गाडी फिरते तिथल्या हवेवर तो अन्याय आहे.

असाच एक जुना चुकीचा उपाय थर्मोस्टॅटचा. गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय कार्बोरेटरच्या काळापासून आहे. आजच्या इंजिनात तो काढला की कुलंट वेळेत तापत नाही, संगणक इंजिन थंडच समजून पेट्रोल वाढवत राहतो, ॲव्हरेज घसरते आणि पी 0128 घेऊन दिवा लागतो. तापण्याचे कारण रेडिएटर, पंखा, पंप किंवा गळती यांत शोधावे आणि थर्मोस्टॅट जागेवर ठेवावा.

पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट लावा, दिवा जाईल, हा सल्ला मोबाइलवर फार फिरतो. तो अमेरिकेतला आहे. तिथे टाकीतून वाफ गळते का हे गाडीने स्वतः तपासण्याची सक्ती आहे. भारतातले नियम युरोपच्या वळणाचे असल्याने इथल्या बहुतेक घरगुती गाड्यांत ही गळती-तपासणी नसते. झाकण घट्ट असावेच, पण तेवढ्यावर विसंबून दिव्याकडे दुर्लक्ष करू नये.

डिझेल गाड्यांत भारत स्टेज 6 पासून काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आला आणि त्याबरोबर एक नवी तक्रारही. साठलेली काजळी जाळायला फिल्टरचे तापमान 600 अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावे लागते. त्यासाठी संगणक जादा डिझेल सोडतो, आणि गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग वेगात चालणे आवश्यक असते. कोगनोळी ते निपाणी हे अंतर थोडेच. रोज तेवढेच जाऊन इंजिन बंद होत असेल तर काजळी जाळण्याचे काम दर वेळी अर्धवट राहते, फिल्टर भरत जातो, आणि न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरून डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते. पातळी वाढली हे चांगले लक्षण नव्हे. असे ऑइल पातळ झालेले असते आणि ते बदलावेच लागते. डीपीएफचा दिवा लागताच गाडी महामार्गावर काढून पुस्तिकेत दिलेल्या वेगाने सलग चालवली, तर बहुधा फिल्टर मोकळा होतो. या पट्ट्याला महामार्ग दारातच असल्याने हा उपाय सोपा आहे. दुर्लक्ष केले तर मागोमाग इंजिनचा दिवा लागतो, ताकद घटते आणि मग गॅरेजमध्ये स्कॅनरनेच काजळी जाळावी लागते. डीपीएफच्या गाडीत कमी राख सोडणारे, पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच ऑइल घालावे. ज्यांचा रोजचा फेरा लहान आहे त्यांनी नवी गाडी घेताना डिझेलचा मोह टाळावा, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

इंधनाचाही हिशेब धरायला हवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातले काही याच ऊसपट्ट्यासारख्या भागांतल्या कारखान्यांतून येते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला बाहेरची कमी हवा पुरते. संगणक इंधन थोडे वाढवून ते जुळवून घेतो. सुस्थितीतल्या इंजिनाला त्यात अडचण नसते. पण ज्या जुन्या गाडीचा पंप किंवा इंजेक्टर आधीच थकलेला आहे, तिथे ही वाढीव मागणी मर्यादेबाहेर जाऊन ‘मिश्रण पातळ’चा कोड येऊ शकतो. एप्रिल 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांतले रबरी भाग या इंधनासाठी बनवलेले नव्हते, म्हणून त्यांच्या नळ्या आणि सील दर सर्व्हिसिंगला पाहावेत. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात पेट्रोल भरल्याबरोबर गाडी अडखळू लागली तर बिल जपून ठेवावे आणि टाकीतला नमुना काचेच्या बाटलीत काढून पाहावा. तळाशी वेगळा थर दिसला तर सेन्सर बदलून काही होणार नाही.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटच्या गाडीत पेट्रोल आणि गॅस या दोन्हींवर वेगवेगळे कोड पाहावेत. दिवा फक्त गॅसवर लागत असेल तर किटचे ट्यूनिंग आणि जोडणी आधी, गाडीचे सेन्सर नंतर. गॅसवर ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून प्लगची मुदतही कमी धरावी.

या परिसराची आणखी तीन कारणे आहेत आणि ती कोणत्याही कोडच्या पुस्तकात सापडत नाहीत. पहिले उंदीर आणि घुशी. ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर वस्तीकडे सरकतात, आणि अंगणात उभ्या गाडीचे कोमट इंजिन त्यांना आयतेच घर मिळते. इंजेक्टरची किंवा ऑक्सिजन सेन्सरची वायर कुरतडली गेली की स्कॅनर सेन्सरचा कोड दाखवतो, आणि सेन्सर बदलूनही दिवा तसाच राहतो. हंगामात आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या, काड्या, कुरतडलेले इन्सुलेशन दिसते का पाहावे. काही जण इंजिनजवळ तंबाखूची पाने ठेवतात; निपाणीच्या आसपास ती सहज मिळतात. वास उडाला की उपयोग संपतो, आणि पान सायलेन्सरच्या गरम नळीवर पडले तर ते पेट घेऊ शकते. गाडीत खाण्याचे अवशेष न ठेवणे आणि गाडी वरचेवर हलवत राहणे हे जास्त भरवशाचे.

दुसरे कारण धूळ. महामार्गाचे सहापदरीकरण आणि उसाच्या ट्रॅक्टरांची वाहतूक यांमुळे एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीच्या कितीतरी आधी भरतो. तो निम्म्या मुदतीत उघडून पाहावा, आणि परत बसवताना त्याच्या डब्याच्या सगळ्या क्लिपा नीट लागल्या आहेत याची खात्री करावी. एक क्लिप सुटली तरी न गाळलेली धूळ आत जाते.

तिसरे पाणी. दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांच्या खोऱ्यातला हा रस्ता. 2019 आणि 2021 च्या पुरांत यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी फक्त वायरिंगपर्यंत पोहोचले असेल तर दोष आठवड्या-दोन आठवड्यांनी वर येतो: कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज चढतो आणि एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच कोड एकदम दिसू लागतात. अशा वेळी भाग बदलण्याआधी कनेक्टर उघडून, कोरडे करून, साफ करावेत. इंजिन धुताना जोराचा फवारा मारण्याची हौसही टाळावी.

एकदम अनेक कोड येण्याचे दुसरे साधे कारण म्हणजे उतरलेली बॅटरी. स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली गेले की संगणक गोंधळतो आणि निर्दोष सेन्सरवर ठपका ठेवतो. म्हणून निदानाची सुरुवात बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थिंगच्या वायरपासून करावी. इंजिन बंद असताना 12.4 ते 12.7 आणि चालू असताना सर्वसाधारणपणे 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत; काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग स्वतः कमीजास्त करतो, तिथे आकडा बदलता राहतो.

बाकी निगा फार अवघड नाही. इंजिन ऑइल योग्य दर्जाचे आणि वेळेवर, कारण व्हॉल्व्हचा टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते आणि ऑइल कमी किंवा चिकट झाले की पी 0011 सारखे कोड येतात. प्लग पुस्तिकेतल्या मुदतीत. कुलंटऐवजी नळाचे पाणी नको. टाकी कायम तळाशी ठेवून चालवू नये, कारण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो.

अदलाबदलीची परीक्षा वगळता कोड दुरुस्तीनंतरच पुसावा, आधी नाही. पुसण्याआधी जुना कोड आणि त्या क्षणाची नोंद यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कोड पुसला की संगणकाने केलेल्या सर्व आत्मचाचण्यांचे निकालही शून्यावर येतात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचे मिश्र ड्रायव्हिंग लागते. जुनी गाडी घेणाऱ्याला याचा फायदा आहे. कोल्हापूर किंवा बेळगावच्या बाजारात गाडी पाहताना आधी चावी फिरवून पिवळा दिवा लागतो ना हे पाहावे. तो लागतच नसेल तर बल्ब काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. मग स्कॅनर लावून आत्मचाचण्यांची स्थिती पाहावी. कोड एकही नाही, पण बहुतेक चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवत असतील, तर कोड नुकताच पुसलेला आहे किंवा बॅटरी काढून लावलेली आहे. अशी गाडी घेण्याआधी विकणाऱ्याकडे चार-सहा दिवसांनी पुन्हा पाहायला यायची अट घालावी, आणि सौदा त्यानंतरच करावा.